पाचवं कारण

कारंज्याच्या आमच्या अभ्यासिकेत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक सूचना दिसते. अभ्यासिका चालवणाऱ्या किशनरावांनी ती निळ्या स्केचपेननं, स्वतःच्या हातानं लिहिली आहे: 'मागील वर्षी पंख्याखाली बसणारे सर्व उमेदवार नापास झाले. सबब पंखा लावू नये.'

ऑक्टोबरचं ऊन होतं. मी कामरगावहून जीपमध्ये चौघांच्या सीटवर सहावी बसून आले होते, ओढणी घामानं मानेला चिकटली होती, आणि दारातच एक उंच मुलगा पाठमोरा उभा राहून ती सूचना वाचत होता. दोन ओळी वाचायला माणसाला किती वेळ लागावा? मी मागे ताटकळले. चप्पल काढायलासुद्धा जागा नव्हती.

"एक सांगा," तो न वळताच म्हणाला, "पंख्याखाली न बसनारे किती जन पास झाले?"

"कोनीच नाई," मी म्हणाले. "इथं पंखा एकच हाये. सारेच त्याच्याखाली बसतात."

तो वळला. आधी त्याचे डोळे हसले, ओठ बऱ्याच वेळानं.

"म्हंजे पंख्याचा काही गुन्हा नाई."

"गुन्हा नाई... पन शिक्षा तीन महिन्यांपासून भोगून राह्यला बिचारा."

त्यानं सरळ जाऊन बटण दाबलं. आतून किशनराव ओरडले, चार डोकी वर झाली, आणि पंखा घरघरत फिरायला लागला. मी त्याच्याखाली जाऊन बसले, आणि मग दिवसभर मला एकच काळजी... आता मी नापास होणार.

मी नीलिमा. काळजी करणं हा माझा पूर्णवेळचा उद्योग आहे, राज्यसेवेचा अभ्यास मी फावल्या वेळात करते. माझे बाबा, शेषराव, कामरगावचे पोस्टमन. आई केशरबाई घर सांभाळते, आणि घराबरोबर माझं वयही मोजते. त्या साली मला पंचविसावं लागलं होतं आणि मुख्य परीक्षेचे पेपर आता पानंच्या पानं लिहून द्यायचे होते. नुसते गोल काळे करून भागणार नव्हतं. मत मांडायचं, ते पटवून द्यायचं, आणि तेही वेळेत, नीट मराठीत.

त्यासाठी आमच्याकडे शनिवारची अदलाबदल असायची. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात विषयांच्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी निघायची, तासभर सगळ्यांनी त्यावर लिहायचं. कागदावर नाव नाही, फक्त नंबर. मग किशनराव कागद पिसायचे आणि उलटे करून वाटायचे. ज्याला जो कागद येईल त्यानं तो हिरव्या पेननं तपासायचा. लाल पेनला बंदी होती, लाल रंग पाहून पोरं खचतात असं किशनरावांचं मत. समासात दोन गोष्टी लिहायच्या: तर्क कुठं घसरला आणि लिहिणं कुठं घसरलं. नंबर हे आपलं नावापुरतं. पंधरा जणांत कोणाचं अक्षर कोणाला ओळखू येत नाही?

त्या उंच मुलाचं नाव पवन. इंझोरीच्या पुढे, मानोऱ्याच्या वाटेवर त्याचा तांडा. आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, हा वसतिगृहात राहून शिकलेला. सकाळी एका शिकवणीत गणित शिकवायचा आणि दहा वाजता अभ्यासिकेत यायचा. त्याचा तर्क पक्का होता, पण पूर्णविरामाशी त्याचं वैर होतं. पहिल्याच शनिवारी त्याचा कागद माझ्याकडे आला. अकरा ओळींचं एक वाक्य! मी समासात लिहिलं, 'श्वास घ्या.'

पुढच्या आठवड्यात माझा कागद त्याच्याकडे गेला. परत आला तेव्हा त्यावर नऊ हिरवे गोल होते.

"हे काय हो?" मी जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं.

"नऊ 'कदाचित'. एका पानावर." तो डबा उघडत म्हणाला. "तुमी लिवलं, 'कदाचित पानी हे जीवन असावं.' पान्याले तरी शंका घेऊ नका ना."

"ठाम लिवलं अन् चुकलं तर?"

"तर चुकलं. अन् 'कदाचित' लिवलं अन् चुकलं, तर बरोबर होते का?"

 त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि न विचारता माझ्या डब्यातली तुरीच्या दाण्यांची उसळ घेतली. मला राग यायला हवा होता... तो आला नाही, याचीच मला संध्याकाळपर्यंत काळजी वाटत राहिली.

मग रोजचंच झालं. आम्ही एकमेकांच्या बोलण्यातले तर्कदोष काढायचो. मी म्हणायचे, "आज सकाळी मांजर दिसली, पेपर अवघड आला." तो म्हणायचा, "मांजरीले सिलॅबस ठाऊक हाये का?" एकदा जीप चुकली म्हणून मी रडवेली होऊन पोचले आणि दारातच सुरू झाले... "आज जीप चुकली, उद्या पेपरची चुकन, पेपर चुकला की बाबा लग्न लावून देतीन, नवरा भेटन अकोल्याचा, अन् अकोल्याचं ऊन मले सोसत नाई!"

पवन हातातलं पुस्तक मिटून ऐकत होता.

"जीप चुकल्यापासून अकोल्याच्या उन्हात मराले तुमाले पाच वाक्यं लागली," तो म्हणाला. "मन हाये का घसरगुंडी?"

मी हसले. तोही हसला. त्या दिवशी माझ्या वहीच्या कोपऱ्यात त्यानं हिरव्या पेननं एक छोटी घसरगुंडी काढली, आणि खाली उतरणाऱ्या बाहुलीला दोन वेण्या. माझ्या दोन वेण्या नाहीत, एकच आहे. पण मी ते पान फाडलं नाही.

दिवाळी झाली. तांड्यातले ट्रक भरून गेले, पवनची आई ललिताबाई आणि वडील सांगलीकडे ऊस तोडायला गेले. शेतात तूर फुलावर आली, जीपच्या काचांवर सकाळी दव साचायला लागलं. आणि एका संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पुढच्या रईवारी पाव्हणे येऊन राह्यले. पोरगा बँकेत हाये."

"कुठल्या?"

"अकोल्याच्या."

घसरगुंडी खरी निघाली तर तिला काय म्हणतात, हे कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही.

त्या दोन दिवसांत घरात जे तर्क चालले, ते लिहून काढले असते तर शनिवारचे चार कागद झाले असते. आई म्हणे, "ते मास्तरची पोरगी शिकतच बसली, अजून बसेलच हाये." एका पोरीवरून सगळ्या पोरींचा निकाल! आई म्हणे, "यंदा नाई तं मंग कधीच नाई." दोनच वाटा, तिसरी जणू देवानं निर्माणच केली नाही. बाबा म्हणत, "सारेच म्हनतात पोरगा चांगला हाये." सारे म्हणजे कोण, तर पाहुण्यांचा साडू. मी मनातल्या मनात प्रत्येकाला हिरवा गोल केला. तोंडानं म्हणाले, "हो आई."

कारण खरी अडचण तो बँकेतला मुलगा नव्हताच. तो बिचारा चांगलाच असेल. मला सारखं दिसत होतं ते अभ्यासिकेचं दार, दहा वाजलेले, आणि त्या दारातून वाकून आत येणारा एक उंच मुलगा. मला तो आवडत होता. मनात का होईना, हे वाक्य मी पहिल्यांदा 'कदाचित' न लावता म्हटलं.

शनिवारी डब्यातून चिठ्ठी निघाली: 'ज्याचं मन वळवणं तुम्हाला सर्वांत अवघड वाटतं, त्या व्यक्तीला पत्र लिहा.'

मी बाबांना लिहिलं. पाहुण्यांना बोलावू नका. एक, परीक्षा पाच महिन्यांवर आहे. दोन, मधेच सोडलं तर तीन वर्षं वाया जातील. तीन, नोकरी लागल्यावर घराला आधार होईल. चार, मी अजून मनानं तयार नाही. मुद्द्यांना नंबर दिले, स्वल्पविराम जागच्या जागी टाकले, आणि खाली सहीऐवजी माझा नंबर.

त्या दिवशी किशनराव कोणाच्या तरी तेरवीला गेले होते. कागद वाटले पवननं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हे इथं मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा मूर्खपणा त्यानंतरचा आहे.

माझ्या पुढ्यात उलटा कागद आला. सुलटा केला. डावीकडे कललेलं अक्षर, खसखशीएवढे पूर्णविराम, तेही जेमतेम दोन. पवनचं पत्र. त्याच्या आईला.

'याडी,' त्यानं लिहिलं होतं. तो आईला याडीच म्हणतो, त्यांच्या बोलीत. 'याडी तुला वाचता येत नाही म्हणून हे पत्र मीच तुला फोनवर वाचून दाखवणार आहे तेव्हा मधे बोलू नको, तू आधी नाही म्हणशील हे मला माहीत आहे पण पूर्ण ऐक, एक मुलगी आहे, तिच्याजवळ बसलं की मला आपल्या घरी गेल्यासारखं वाटतं, वसतिगृहात राहिलो तेव्हापासून मला घरी गेल्यासारखं कुठंच वाटलं नव्हतं, ती हो म्हणेल अशी मला खात्री आहे...'

अक्षरं माझ्यासमोर हलायला लागली. घरी गेल्यासारखं. मी मान वर केली. पलीकडच्या रांगेत रंजीता बसली होती, पवनच्याच भागातली, शेजारच्या तांड्यातली. ती आणि तो त्यांच्या बोलीत बोलायला लागले की मला एक अक्षर कळत नसे, आणि दोघं खदखदून हसत. घरची बोली, घरचं माणूस. झालं! मी निष्कर्ष काढला. पुरावा एक, निष्कर्ष ठाम, 'कदाचित' शून्य. आयुष्यात पहिल्यांदा ठाम झाले तेही नको तिथं.

रडू येत होतं म्हणून मी काम सुरू केलं. त्याची आई हे ऐकणार होती, वाचणार नव्हती. उसाच्या फडात, दमलेली, हातात कोणाचा तरी फोन धरून. एवढं लांब वाक्य तिला कसं झेपणार? मी जिथं जिथं ऐकणाऱ्याला दम लागेल तिथं पूर्णविराम दिला. 'तू आधी नाही म्हणशील' हे वाक्य वेगळं काढलं. दोन ओळींत दोनदा आलेलं 'घरी गेल्यासारखं' एकदाच ठेवलं. आणि मग 'ती हो म्हणेल अशी मला खात्री आहे' या वाक्याखाली इतकी जोरात रेघ मारली की कागद फाटला. समासात लिहिलं:

'खात्रीला पुरावा काय? हिला विचारलंय का?'

गुण दिले दहापैकी पाच. सहाचं होतं ते पत्र, साताचंही असेल. पण मी पाचच दिले.

माझा कागद परत आला तेव्हा त्यावर त्याच कललेल्या अक्षरात हिरवं लिहिलेलं होतं: 'चारही मुद्दे पटतात. पण ही अर्जातली कारणं आहेत, माणसाची नाहीत. पाचवं कारण कुठं आहे?'

मी कागद घडी करून पिशवीत कोंबला आणि जीपस्टँडकडे जवळजवळ पळतच सुटले. मागून त्यानं हाक मारली... "नीलिमा! थांबा ना थोडं!" मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते, आणि रडण्याचं कारण विचारलं असतं तर तेही पाचवंच होतं.

सोमवार, मंगळवार मी गेले नाही. आईला डोकं दुखतं म्हणून सांगितलं. डोकं खरंच दुखत होतं. त्यानं दोनदा फोन केला, मी उचलला नाही, आणि उचलला नाही म्हणून पुन्हा डोकं दुखलं. बुधवारी आईनंच मला ढकलून पाठवलं.

जीप भरलेली. माझ्या पायाशी कोणाच्या तरी कोंबड्या, खांद्याला टेकून झोपलेली एक अनोळखी आजी. मी खिडकीतून तुरीची पिवळी शेतं पाहत त्या पत्रातली वाक्यं मनात परत परत म्हणत होते, जसं दुखऱ्या दाताला जीभ लावतो तसं. 'तू आधी नाही म्हणशील हे मला माहीत आहे.' मीच पूर्णविराम देऊन वेगळं केलेलं वाक्य.

पण... ललिताबाई नाही का म्हणतील?

मुलगी रंजीता असेल, शेजारच्या तांड्यातली, त्याच बोलीतली, तर आईचं मन वळवणं सगळ्यात अवघड कसं? तिथं पत्र कशाला लागतं? ललिताबाई तर ट्रकमधून उतरून नाचतील. म्हणजे मुलगी रंजीता नाही. म्हणजे ती तांड्यातलीच नाही. मी एवढ्या जोरात ताठ झाले की आजी जागी झाली आणि म्हणाली, "गाव आलं का व माय?"

गाव आलं नव्हतं. आणि मला लगेच पुढची शंका आली. तांड्याबाहेरच्या मुली या जिल्ह्यात काय मी एकटीच आहे? हजारो असतील. एकट्या कामरगावात चारशे निघतील. मुलगी रंजीता नाही, एवढंच सिद्ध झालं होतं. मी आहे, हे नाही.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. त्याच्या पत्रातली मुलगी कोणीही असो, माझ्या पत्रातलं पाचवं कारण माझं होतं. ते खरं होण्यासाठी त्याच्या होकाराची गरज नव्हती.

अभ्यासिकेत मी त्याच्याकडे न बघता बसले. तोही आला नाही जवळ. दुपारी मी कोरा कागद घेतला आणि बाबांना पुन्हा पत्र लिहिलं. चार मुद्दे तेच. मग एक ओळ सोडून, नंबर न टाकता: 'मला एक मुलगा आवडतो. त्याला मी आवडते का, मला माहीत नाही. पण हे माहीत असताना दुसऱ्या मुलासमोर जाऊन बसणं मला जमणार नाही, आणि त्या मुलावरही तो अन्याय आहे.'

तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. परत येताना पाकिटावर 'श्री. शेषराव, पोस्टमन, कामरगाव' असा पत्ता लिहून, तिकीट लावून, गावातल्या लाल पेटीत टाकलं. टाकल्याबरोबर हात आत घालून काढता येतो का, तेही पाहिलं. नाही येत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांची गाडी दारात थांबली. ते रोज सरळ आत येतात. त्या दिवशी बाहेरच उभे राहिले आणि लोकांच्या दारात मारतात तशी हाक मारली:

"शेषराव कोन हाये इथं? पत्र आलं!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं व तुमाले?"

"इतकी वर्सं गावाची पत्रं वाटून राह्यलो," बाबा म्हणाले, "माह्या नावानं हे पयलंच."

ते पायरीवर बसले, चष्मा लावला, पाकीट कडेनं नीट फाडलं. मी दाराच्या आड. त्यांचे ओठ हलत होते, बाबा वाचताना ओठ हलवतात. ते शेवटी कधी पोचले ते मला कळलं, कारण ओठ थांबले.

"इकडं ये नीलू."

गेले. 

"चार मुद्द्याले नंबर दिले. पाचव्याले काहून नाई देला?"

"भेव वाटलं."

"तेच पयले लिहाचं असते. बाकीचे चार वाचतानी मले वाटूनच राह्यलं होतं, का पोरगी काहीतरी लपवते." त्यांनी चष्मा काढला. "कोन हाये?"

"पवन. मानोऱ्याकडचा. तांड्यातला हाये, बाबा."

आई मटकन खाली बसली. बाबांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. समोरून कोणीतरी "जयभीम शेषराव" म्हणत गेलं, बाबांनी मान हलवली.

"लोकं बोलतीन," शेवटी ते म्हणाले. "आपले बी बोलतीन अन् त्याहिचे बी. मले बी हे सोपं नाई, खरं सांगतो. बरं, त्या पोराले ठाऊक हाये का हे?"

"...नाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाकिटाकडे. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"मंग हे पत्र तू चुकीच्या पत्त्यावर टाकलं, बेटा."

आई म्हणाली, "हसता काय तुमी!"

"चुकीच्या पत्त्यावर आलेलं पत्र म्या कधी फाडलं नाई, केशर. बरोबर पत्त्यावर पोचवतो." त्यांनी कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "ज्याचं त्याले दे. पाव्हण्याईले मी सांगतो पंधरा दिवस थांबा म्हनून. तवरिक त्या पोराच्या घरचं काय ते मले समजलं पायजे. नाई समजलं, तर पाव्हणे येतीन. अन् मंग तू नाई म्हनायचं नाई."

पंधरा दिवस. काळजी करणाऱ्या मुलीला एवढी पक्की तारीख देऊ नये.

शनिवारी मी ते पाकीट पिशवीत घालून गेले. सकाळभर पिशवी मांडीवर ठेवून बसले, त्यात जणू विंचू आहे. दुपारी सगळे डबे घेऊन बाहेर गेले, आणि मी अभ्यासिकेमागच्या लिंबाखाली पवनला गाठलं. तो तिथं भिंतीला टेकून उभा होता. हातात त्याचं ते पत्र, माझ्या हिरव्या खुणांसकट, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेलं.

"मले एक..." मी म्हणाले.

"मले तुमाले..." तो म्हणाला.

दोघंही थांबलो. त्याच्या कपाळावर थंडीतही घाम होता. पवन घाबरतो हे मला माहीतच नव्हतं.

"तुमी आधी," मी म्हणाले.

"याडीले फोन लावतो आज. आता टोळी जेवाले बसली असन, एवढाच टाइम भेटते तिले." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमी पूर्नविराम देले ना... तर उभ्या राहून आयका. दम कुठं लागते ते सांगा."

"पवन, माह्या समासातल्या प्रश्नाचं उत्तर नाई देलं तुमी."

"कोन्त्या?"

"हिले इचारलं का?"

त्यानं तोंड उघडलं. पण फोन लागला होता. त्यानं तो स्पीकरवर टाकला. पलीकडे वारा, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि एका बाईचा खणखणीत स्वर. ती त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, मला फक्त त्याचं नाव कळलं.

पवननं कागद धरला. 

"याडी. तुला वाचता येत नाही. म्हणून हे पत्र मी वाचून दाखवतो. मधे बोलू नको. तू आधी नाही म्हणशील. हे मला माहीत आहे. पण पूर्ण ऐक. एक मुलगी आहे..."

"थांब," ललिताबाई म्हणाल्या. आता त्याही आमच्याच वऱ्हाडीत बोलत होत्या. "तू मराठीत काहून बोलून राह्यला रे?"

पवननं कागद खाली घेतला.

"जन्मापासून तू माह्यासंग आपल्या बोलीत बोलते. आज पुस्तकावानी मराठी बोलून राह्यला. म्हंजे कोनीतरी जवळ हुभं हाये, अन् तिले समजावं म्हनून बोलून राह्यला. खरं का खोटं?"

मी पवनकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. कान लाल झाले होते. पंधरा जणांच्या अभ्यासिकेत आम्ही तीन महिने तर्क शिकत होतो, आणि इतका स्वच्छ तर्क मी एकाच्याही कागदावर पाहिला नव्हता. कागद त्या दिवशी पवननं वाटले होते. त्याचं पत्र माझ्याच पुढ्यात आलं होतं. माझं त्याच्या. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि मी...

"याडी, हाये," पवन हळूच म्हणाला. "जवळच हाये."

"तांड्यातली नाई."

"नाई."

मोठा सुस्कारा ऐकू आला.  मी मनातल्या मनात पंधरा दिवस मोजले, अकोला मोजलं, उन्हाळा मोजला.

"तुह्या बापाले समजवाले मले आखा हंगाम जाईन," त्या म्हणाल्या. "पंचाईतीत लोकं दहा गोष्टी बोलतीन. ते मी पाहीन. पन मले एक सांग. तिले इचारलं का?"

पवननं फोन खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. तेच डोळे, दारात वळताना हसले होते ते. आता हसत नव्हते. एवढं बोलणारा मुलगा, अकरा ओळींची वाक्यं लिहिणारा, त्याला एक शब्द सुचत नव्हता.

मी पिशवीतून पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. मग फोनकडे वाकले. 

"नाई याडी," मी म्हणाले. "अजून नाई इचारलं त्यानं."

 मग ललिताबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की लिंबावरचे पक्षी उडाले.

"आयकलं का रे? याडी म्हनली ते मले! आता काय इचारतं तिले, डोंबल?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "पोरी, नाव काय व तुहं?"

"नीलिमा."

"नीलिमा. चैतात मी घरी येते, तवा पाहीन तुले. तुह्या बाबाले सांग, मी सोता येईन बोलाले. तवरिक दोघंही पेपर द्या. अन् हे पत्र लिवायचे धंदे बंद करा. कोनी हाक मारून राह्यलं इकडं, मोळ्या भरायच्या हायेत."

फोन बंद झाला. पवन माझं पत्र वाचत होता, ओठ हलवत, अगदी बाबांसारखा. चार मुद्दे त्यानं भराभर ओलांडले. मग थांबला. खिशातून हिरवं पेन काढलं, सोडलेल्या ओळीच्या बाजूला नीट '५' लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.

"एक बी 'कदाचित' नाई," तो म्हणाला. 

"तुहं पत्र साताचं होतं," मी म्हणाले. "म्या पाच देले."

"ठाऊक हाये मले," तो म्हणाला. "काहून देले ते बी."

आम्ही आत गेलो तेव्हा कोणीतरी पंखा लावून ठेवला होता, भर थंडीत. बंद करायला कोणीच उठेना, सगळे आमच्याकडेच बघत होते. मी त्याच्याखाली जाऊन बसले. ललिताबाईंचे शब्द बाबांना सांगायचे होते, आई रडेल, लोक बोलतील, चैत्र अजून लांब होता. हे सगळं मला माहीत होतं. तरी परतीची जीप येईपर्यंत मी मनातल्या मनात एकदाही नापास झाले नाही.